सोडा चालेल

४ जून

धाकटीला अण्णांचे आशीर्वाद.

तुझा फोन येऊन गेला असं शेजारच्या सायकलवाल्याने सांगितलं. त्याच्याकडे जाऊन फोन कानाला लावला असता तरी उपयोग काय? सोड्यात गॅस भरायच्या मशीनपाशी तीस वर्षं काढली. डावा कान केव्हाच गेला, आता उजवाही त्याच्या मागे निघालाय. तेव्हा आपलं पत्रच बरं. पुन्हा पुन्हा वाचता येतं, आणि "काय, काय" म्हणून ओरडावं लागत नाही.

दुकान बरं चाललंय. परवा एक गंमत झाली. समुद्राकडच्या गाडीचा नवा ड्रायव्हर आला आणि म्हणाला, "एक बाटली द्या." मी म्हटलं, "बाबा रे, ते दुकान मागच्या गल्लीत, आणि गाडी चालवायची असेल तर तिथेही जाऊ नकोस." तो बघतच राहिला. मग बोटाने दाखवलं, "अहो, ती समोरची, नारिंगी." त्यांच्याकडे आपल्या सोड्याला नुसतं 'बाटली' म्हणतात म्हणे. आपल्याकडे कसं, काचेत भरलेलं आणि फसफसणारं ते सगळं सोडा. नारिंगी सोडा, लाल सोडा, कंपनीचा तो काळा सोडा. बिनसाखरेचा असला तर तो फिका, आणि तो मागतं कोण? स्टँडसमोर दुकान टाकल्याचा हा फायदा. माणूस कितीही लांबून येऊ दे, तहान लागली की तो आपल्या घरचाच शब्द काढतो.

आता कामाचं. आपल्या समोरच्या टेलरकाकांच्या उजव्या पायाला बूट चावला होता. एवढीशी जखम, पण त्याला साखरेचा आजार, त्यामुळे महिना झाला तरी भरत नाही. अंगठा काळा पडायला लागलाय. इथल्या डॉक्टरने हात टेकले आणि तुमच्या हॉस्पिटलात न्या म्हणाला. सोमवारी काकू त्याला घेऊन येतील. मी त्याला सांगितलं, माझी धाकटी आहे तिथे. तो म्हणाला, "मग मला कसली काळजी." तुझा वॉर्ड तोच आहे का माहीत नाही, पण लक्ष ठेव. उजवा पाय आहे बाई. त्याची सगळी मशीन त्या पायावर चालते.

तुझा
अण्णा


१३ जून

अण्णा,

पत्र मिळालं. टेलरकाका सोमवारी दाखल झाले. आमच्याच वॉर्डात आहेत, खिडकीजवळची सात नंबरची खाट. छोटे डॉक्टर रोज सकाळी राऊंडला येतात, चांगले आहेत. जखम रोज साफ करतात. शुगर जास्त आहे, म्हणून इन्सुलिन सुरू केलंय. काकू नातेवाइकांच्या खोलीत राहतात.

एक सांगायचं होतं. तुम्ही त्यांना इकडे काही पाठवू नका. खाण्यापिण्याचं इथे सगळं मिळतं.

मला सध्या फार काम आहे. पत्र छोटं आहे, राग मानू नका. उजव्या कानात कापूस घालून मशीन चालवत जा.

धाकटी


२० जून

धाकटीला आशीर्वाद.

पाठवू नका म्हणतेस, पण तुझं पत्र यायच्या आधीच पाठवून झालं होतं. काकूंनी सायकलवाल्याकडे फोन केला होता. डॉक्टरांनी सगळ्या वॉर्डासमोर सांगितलं म्हणे, सोडा चालेल. मीही आधी चपापलो. साखर असलेल्या माणसाला सोडा? मी सायकलवाल्याला पुन्हा विचारायला लावलं. तर काकू म्हणाल्या, डॉक्टर स्वतःच्या तोंडाने म्हणाले, सोडा प्या, फक्त कोल्ड्रिंक घेऊ नका. म्हणजे गार नको. म्हणून काकू त्या बाटल्या गार न करता, तशाच देतात. टेलर म्हणतो, कोमट सोडा म्हणजे शिक्षाच आहे, पण डॉक्टरांचा शब्द मोडायचा नाही. मोठ्या शहरातला डॉक्टर, त्याच्यापुढे आपण काय बोलणार? इन्सुलिन चालू असलं की चालत असेल, असं मी मनाशी धरलं. एक डझन नारिंगी कंडक्टरच्या हाती पाठवल्या, पुढच्या आठवड्यात आणखी एक डझन पाठवतोय.

आणि तू काळजी करू नकोस. बाटल्यांवरची लेबलं भिजवून काढून टाकलीत. नुसती तपकिरी काच. आपलं नाव, गावाचं नाव, काही दिसत नाही. तुझ्या तिथे उगाच कुणी विचारायला नको.

काकूंची नजर मात्र कमी झालेली दिसते. काल पुन्हा फोन आला तेव्हा म्हणाल्या, तुमची धाकटी काही आम्हाला दिसली नाही, दुसरीकडे असेल ड्यूटीला. मी म्हटलं, अहो तुमच्याच वॉर्डात आहे, तिने स्वतः लिहिलंय. तू एकदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहा, म्हणजे त्यांना धीर येईल.

अण्णा


९ जुलै

अण्णा,

काल सकाळी टेलरकाकांचा उजवा पाय घोट्याच्या वर कापावा लागला. विष वर चढत होतं. जिवाला धोका नाही असं मोठे डॉक्टर म्हणाले.

आणखी बाटल्या पाठवू नका. ज्या होत्या त्या मी काढून टाकल्यात. का ते नंतर लिहीन.

धाकटी


१५ जुलै

धाकटीला आशीर्वाद.

पत्र वाचून दुकानाची फळी ओढून घेतली आणि समोर जाऊन बसलो. त्याच्या दुकानाची किल्ली माझ्याकडेच आहे. आत शिरलो. मशीनवर एक सदरा अर्धवट आहे, एक बाही लागलीय, दुसरी तशीच टाचणीला. पायडलवर त्याच्या तळव्याचा आकार उमटलाय, लोखंड तेवढंच चकचकीत झालंय. त्याच्यावर मी वर्तमानपत्र झाकलं. का झाकलं, मलाही सांगता येणार नाही.

स्टँडवर सगळे विचारतात. मी एकच सांगतो, पाय गेला पण माणूस वाचला, आणि वाचला तो आमच्या धाकटीमुळे. ती तिथे रात्रंदिवस होती म्हणून. पानवाला म्हणाला, "अण्णा, पोरीला शिकवलंत त्याचं सार्थक झालं." मला भरून आलं. आई असती तर तिनेही हेच म्हटलं असतं.

बाटल्या का नकोत ते लिहिणार होतीस.

अण्णा


२१ जुलै

अण्णा,

पानवाल्याला सांगा, ते खरं नाही. किंवा मी हे लिहून संपवलं की तुम्हीच ठरवा, काय सांगायचं.

टेलरकाका आले त्या दिवशी मीच त्यांचं नाव केस पेपरवर लिहिलं. मी मान वर केली नाही. त्यांनी मला वळताना पाहिलं आणि लगेच ओळखलं. माझा डावा खांदा जरा उतरता आहे ना, शाळेच्या सगळ्या गणवेशांत ते त्या बाजूला आतून कापड घालायचे, आणि दुसऱ्या कुणाला कळू द्यायचे नाहीत. ते म्हणाले, "सोडेवाल्यांची धाकटी ना गं तू?"

शेजारी माझ्या खोलीवरची मैत्रीण उभी होती आणि आणखी दोघी सिस्टर होत्या. त्यांना मी सहा वर्षं सांगत आलेय की मी याच शहरातली आहे, आणि माझ्या वडिलांचा पेयांचा व्यवसाय आहे. व्यवसाय म्हटलं की कारखाना वाटतो. मी तसं वाटू दिलं. मी म्हणाले, "नाही काका, तुमची काहीतरी चूक होतेय." अण्णा, मी हे अगदी नीट म्हणाले. आवाजही बदलला नाही. ते म्हणाले, "असेल, असेल. डोळे गेले आता." काकू सामान लावत होत्या, त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलंही नाही.

त्याच दुपारी जेवताना त्यांनी सोडा मागितला. इथे सोडा म्हणजे आपला फिका, आणि तो मागतात दारूत घालायला. मैत्रीण म्हणाली, "आजोबांना पार्टी करायचीय." सगळ्या हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी राऊंडला छोट्या डॉक्टरांनी विचारलं, "काका, दिवसभरात काय काय पिता?"

काका म्हणाले, "चहा बिनसाखरेचा. आणि सोडा, तीन तरी होतात. त्याशिवाय पोट हलकं होत नाही."

डॉक्टर म्हणाले, "सोडा चालेल. कोल्ड्रिंक मात्र एक थेंबही नको."

काका मान डोलावून म्हणाले, "नाही, नाही, थंड मी घेतच नाही."

मी फाइल धरून दोघांच्या मधे उभी होते. डॉक्टर काय म्हणतायत ते मला कळत होतं आणि काकांना काय ऐकू गेलं तेही कळत होतं. त्या अख्ख्या वॉर्डात दोन्ही कळणारी मी एकटीच होते. एवढंच म्हणायचं होतं की डॉक्टर, यांच्या गावी गोड बाटलीला सोडा म्हणतात. मग डॉक्टरांनी विचारलं असतं, सिस्टर, तुम्हाला कसं माहीत? मी गप्प बसले. मनात म्हटलं, राऊंड झाला की सांगू. राऊंड झाल्यावर म्हटलं, उद्या सांगू. उद्या झाल्यावर प्रश्न वेगळाच झाला. आता सांगितलं तर काल का नाही सांगितलं?

मी अगदीच काही केलं नाही असं नाही. चौथ्या दिवशी काकू गावाहून आणलेली बाटली पिशवीतून काढत होत्या, तेव्हा म्हटलं, "त्यांना ते पिणं जरा कमी द्या." तोंडाला मास्क होता, आवाज शहरातला होता. काकू म्हणाल्या, "डॉक्टरांनीच परवानगी दिलीय सिस्टर." मी बरं म्हटलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. मग तुम्हाला लिहिलं, पाठवू नका. का ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुम्हीही विचारलं असतं, तू तिथे असताना डॉक्टर असं कसं म्हणाले?

मग तुमच्या बाटल्या आल्या. तपकिरी, जाड बुडाच्या. लहानपणी अशा हजारो बाटल्या मी ब्रश घालून धुतल्यात. खाटेशेजारच्या कपाटावर त्या ओळीने उभ्या होत्या आणि सगळ्यांना वाटत होतं, त्यात साधा सोडा आहे. रोज चार वेळा मी काकांच्या बोटाला सुई टोचून शुगर बघायची आणि आकडा लिहायची. तीनशेच्या खाली येत नव्हती. डॉक्टर इन्सुलिन वाढवत होते. म्हणायचे, जखमेत पू आहे म्हणून उतरत नसेल. मी "हो सर" म्हणायचे.

पत्रात तुम्ही लेबलांचं लिहिलंत ते वाचलं त्या दिवशी मी औषधांच्या खोलीत दार लावून बसले. तरी बाहेर येऊन बोलले नाही. ऑपरेशन होईपर्यंत आणखी सोळा दिवस, आणि त्यानंतरही, बोलले नाही.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी राहिलेल्या बाटल्या उचलून मोरीत ओतल्या. काकूंनी विचारलं तर म्हटलं, ऑपरेशनआधी काही द्यायचं नसतं. तेही खोटंच, कारण मी त्यासाठी ओतल्या नव्हत्या.

आता त्यांची शुगर दीडशे-एकशेसाठ असते. सगळे म्हणतात, पाय काढला म्हणून उतरली.

मला काय म्हणायचं ते म्हणा. पण पत्र पाठवा.

धाकटी


१८ ऑगस्ट

धाकटे,

पत्राला उशीर झाला. चारदा लिहायला बसलो आणि चारदा फाडलं. पहिल्या तिन्हीत तुला जे लिहिलं होतं ते बापाने लेकीला लिहू नये असं होतं. चौथ्यात तुझी समजूत घातली होती. तेही मला पटलं नाही.

टेलर परत आलाय. कुबड्या घेऊन घरातल्या घरात चालतो. मी रोज संध्याकाळी जाऊन बसतो. तो विचारतो, "सोडा नाही आणलास?" मी म्हणतो, मशीन बिघडलंय. त्याच्या घरातून माझं मशीन ऐकू येतं, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. मी तेवढं सांगितलं की आपला सोडा गोड असतो, डॉक्टरांना फिका वाटला होता, आता घ्यायचा नाही. त्याने कुबडी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "म्हणजे मी कोमट करून करून विषच पीत होतो की." तुझं काही सांगितलं नाही. ते मी सांगणार नाही. ते तुझं आहे.

माझं मात्र मला सांगायला हवं. मी चपापलो होतो, तुला लिहिलंच आहे. पाकाच्या एका पातेल्यात किती साखर पडते हे माझ्याइतकं कुणाला माहीत? मनातून माहीत होतं आणि तरी पाठवल्या, कारण आजारी दोस्ताला आपल्या हातचं काहीतरी द्यावं ही हौस. आणि लेबलं. त्यावर 'नारिंगी, गोड' असं ठळक छापलेलं असतं. कुणीतरी वाचलं असतं. तू पहिल्याच वर्षी कळवलं होतंस, पाकिटाच्या मागे दुकानाचा शिक्का मारू नका. तेव्हापासून मी मारत नाही. तेव्हाच मला कळलं होतं, आणि मी तुला कधी विचारलं नाही. उलट तुला सोपं जावं म्हणून मीच आपलं नाव भिजवून काढत बसलो. म्हणजे हे एकट्या तुझं नाही. मीही तुला लपायला मदत केली.

पानवाल्याला अजून काही सांगितलेलं नाही. त्याने विषय काढला की मी बाटल्या मोजायला लागतो.

एकच विचारतो. त्या छोट्या डॉक्टरांना तू सांगितलंस का? त्यांना अजूनही वाटत असेल की औषध लागू पडलं नाही.

अण्णा


३० ऑगस्ट

अण्णा,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी सांगितलं. दुपारी डॉक्टर एकटे कागद लिहीत होते. मी म्हटलं, "सर, सात नंबरचे पेशंट सोडा पीत होते तो साखरेचा होता. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी त्याच गावची आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्यांना आधी कळलंच नाही. मग मी तुमचं मशीन, पाक, नारिंगी, सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "मग बोलला का नाहीत?" मी म्हटलं, "लाज वाटत होती." हे शब्द एवढे छोटे होते की त्यांना वाटलं मी पुढे काही म्हणणार आहे. ते थांबले. पुढे काही नव्हतंच.

मग ते स्वतःशीच म्हणाले, "मी 'गोड आहे का' एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं." मी विचारलं, शुगर उतरली असती तर पाय वाचला असता का? ते म्हणाले, "कदाचित वाचला असता. कदाचित नुसता अंगठा गेला असता. कदाचित तरीही गेला असता. हे आता कुणालाच सांगता येणार नाही, सिस्टर. मलाही नाही आणि तुम्हालाही नाही." मला वाटलं होतं एकतर हो म्हणतील नाहीतर नाही.

इन्चार्ज सिस्टरांनी सगळं माझ्याकडून लेखी घेतलं. चौकशी झाली. मला वॉर्डातून काढून बाहेरच्या पेशंटच्या ड्रेसिंगला टाकलंय, आणि वर्षभर मला कुणाला औषध द्यायचं नाही. मैत्रिणीने खोली बदलली. ती म्हणाली, "गावाचं राहू दे, पण मी हसले तेव्हा तूही हसलीस. मला माहीत असतं तर मी हसले असते का?"

डॉक्टरांनी एक काम दिलंय. दाखल करतानाच्या कागदावर पिण्याबद्दल एक प्रश्न घालायचा आहे, आणि त्याच्यामागे एक यादी, कुठल्या भागातली माणसं गोड फसफसणाऱ्या पेयाला काय म्हणतात त्याची. म्हणाले, तुम्हाला दोन गावांचं माहीत आहे, बाकीचं शोधा. तुमच्यासमोर रोज चाळीस गाड्या थांबतात. विचाराल का?

धाकटी


११ सप्टेंबर

धाकटे,

पाटी आणि खडू घेऊन आठ दिवस स्टँडवर बसलो. ड्रायव्हर लोकांना वाटलं, म्हातारा आता कानाबरोबर डोक्यानेही गेला. एकाला विचारलं, "तुमच्याकडे याला काय म्हणतात?" तो म्हणाला, "फुकट देणार असाल तर काहीही म्हणू."

समुद्राकडे 'बाटली', ते तुला माहीत आहे. नदीच्या पलीकडे 'थंड', मग ते उन्हात तापलेलं का असेना. खाणींच्या भागात 'गॅस'. तिथला कंडक्टर म्हणतो, पाहुणे आले की विचारतात, चहा घेणार की गॅस. जंगलाच्या बाजूला 'रंगपाणी'. पठारावर सगळ्यालाच 'लिंबू' म्हणतात, लाल असलं तरी लाल लिंबू. आणि एका म्हाताऱ्या बाईने सांगितलं, तिच्या माहेरी 'औषध' म्हणायचे, कारण पूर्वी ते फक्त आजाऱ्याला मिळायचं. हा शब्द डॉक्टरांना ठळक करून दे. कुणी म्हणेल मी रोज औषध घेतो, आणि डॉक्टर खूश होतील.

वेगळा कागद जोडलाय, कुठली गाडी, कोण बोललं, सगळं लिहून. पानवाला विचारत होता हे कशासाठी. त्याला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. तो पान लावायचा थांबला आणि म्हणाला, "बरं." तेव्हापासून त्याने सार्थकाचा विषय काढलेला नाही.

टेलर वीस तारखेला तपासायला येतोय. ड्रेसिंग तुझ्याकडेच असेल. मी बरोबर येणार नाही. मी आलो तर तू माझ्याशी बोलशील आणि तो ऐकेल. ते तसं नको.

अण्णा


२२ सप्टेंबर

अण्णा,

टेलरकाका परवा येऊन गेले. काकूंनी चाकाची खुर्ची ढकलत आणली. खोलीत ड्रेसिंगच्या मावशी होत्या, दोन पेशंट बाकावर होते. मी ठरवलं होतं की कुणी नसताना सांगायचं. पण नाही म्हणाले होते ते सगळ्यांसमोर, म्हणून सगळ्यांसमोरच सांगितलं. पट्टी सोडता सोडता म्हटलं, "काका, मी सोडेवाल्यांची धाकटी. तुम्ही ओळखलं होतंत. मी खोटं बोलले. आणि डॉक्टर सोडा चालेल म्हणाले तेव्हा मला कळलं होतं की चूक होतेय. मी तेव्हाही बोलले नाही."

काकूंचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, तो त्यांनी काढून घेतला.

काका माझ्याकडे बघत नव्हते. पट्टीकडे बघत होते. म्हणाले, "मला ठाऊक होतं तूच ती. नाही म्हणालीस तेव्हा वाटलं, नोकरीची जागा आहे, पोरीची काहीतरी अडचण असेल. म्हणून हिलाही बोललो नाही. म्हटलं, ही जाऊन गळ्यात पडेल आणि तुझी पंचाईत होईल."

मी पट्टी करत राहिले. मग ते म्हणाले, "दोनतीनदा मनात आलं होतं बघ. पोट भरून गोड पितोय, साखर उतरत नाहीये. आपल्या धाकटीला एकदा हळूच विचारावं, हे खरंच चालतं का गं? तू सांगितलं असतंस, माहीत आहे मला. पण विचारलं तर ओळख काढल्यासारखं झालं असतं. तुला अवघड झालं असतं. म्हणून नाही विचारलं."

अण्णा, मी तुम्हाला एवढं सगळं लिहिलं, त्यात हे नव्हतं. मला वाटत होतं मी फक्त गप्प बसले. त्यांनाही मीच गप्प बसवलं होतं.

मला रडू आलं नाही. मी टोकाला चिकटपट्टी लावली, तारीख लिहिली. त्यांनी विचारलं, "आता हाताने चालवायचं मशीन मिळतं म्हणतात. जमेल का मला?" मी म्हटलं, "जमेल." ते म्हणाले, "बघू." माफ केलं असं ते म्हणाले नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मी खुर्ची बाहेर गाड्यांपर्यंत न्यायला गेले. मावशींनी विचारलं, "कोण गं? नात्यातले का?"

मी म्हटलं, "आमच्या गावचे. लहानपणापासून माझे कपडे यांनीच शिवले."

काकूंनी ते ऐकलं. माझे हात खुर्चीवरून बाजूला केले, आणि उतारावरून खुर्ची स्वतःच सावकाश खाली नेली.

धाकटी